पाव फेरा

गेल्या महिन्यात सांगलीत विश्रामबागेतल्या पंपावर पेट्रोलच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या गाडीवरचा एक कॉलेजातला मुलगा माझ्या जुन्या यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलीकडं बघत होता. या गाडीकडं पोरं बघतातच, त्याची आता सवय झालीय. पण हा टाकीकडं बघत नव्हता, खाली इंजिनाकडं बघत होता. म्हणाला, "काका, हेडखालनं तेल मारतंय बघा." मी वाकलो. हेड सिलिंडरवर जिथं बसतं त्या फटीत, पुढच्या अंगाला, काळपट ओली रेघ आली होती आणि तिच्यावर रस्त्याची धूळ बसून चिखल झाला होता. बोट लावलं तर चटका बसला. अर्धवट जळालेल्या टू-टी ऑइलचा तो गोडसर, नाकात बसणारा वास दिवसभर बोटाला राहिला. रात्रभर गाडी गार होऊ दिली आणि सकाळी चहाच्या आधीच अंगणात बसलो. फडकं पेट्रोलमध्ये भिजवून हेड पुसलं, पहिल्या नटाला रिंग पाना लावला आणि नुसतं मनगट वळवलं. नट फिरला. जोर नाही, कुरकुर नाही, पाव फेरा सहज. दुसरा त्याहून थोडा कमी, तिसरा पुन्हा पाव. तीन महिन्यांपूर्वी हेच नट मी टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर लागला की आवाज करणाऱ्या पान्यानं, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यावर, तिरप्या क्रमानं, तीन टप्प्यांत आवळले होते. दर वेळी 'कट्' असा आवाज ऐकूनच हात काढला होता. त्यानंतर त्यांना कुणी शिवलंही नव्हतं. चौथ्याला, मागच्या डाव्या कोपऱ्यातल्याला, पाना लावला, हात तसाच ठेवला, आणि पाना काढून घेतला.

आवळले होते मी ते. मग तो पाव फेरा गेला कुठं?

आमच्या शेजारचे काका किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर वसवलेल्या त्या वाडीतल्या माणसांना नट-बोल्टाविषयी काही विचारलं की ती चहा थंड होईपर्यंत सांगत बसतात. टॉर्क पाना त्यांचाच. त्यांनी आधी एकच विचारलं, "नटावर खूण केली होतीस का?" केली नव्हती. "मग आता कसं कळणार, नट सुटलाय की ताण सुटलाय?" मला तोवर या दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या. काकांनी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला हात लावून दाखवलं. स्टड, म्हणजे नट ज्याच्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, ही एक ताठ दोरीच. नट आवळला की स्टड ताणला जातो, अगदी केसाच्या अंशाएवढा, आणि तो आखडायला बघतो म्हणून हेड खाली दाबलेलं राहतं. हेड धरून ठेवतो तो हा ताण. त्यात आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण दहावा भागच या ताणात जातो. बाकीचा नटाखाली आणि आट्यांमध्ये घासण्यातच संपतो. आटे कोरडे, गंजलेले असले तर पाना 'कट्' म्हणतो आणि स्टड मात्र हवा तेवढा ताणलेलाच नसतो. हे ऐकल्यावर मला त्या तीन महिन्यांपूर्वीच्या 'कट्'चा भरवसा वाटेना. आणि वर नवं गॅस्केट, हेड आणि सिलिंडरच्या मधली ती पातळ चकती. इंजिन तापतं तेव्हा १०० मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियम १०० अंशांनी जवळजवळ पाव मिलिमीटर वाढतं, पोलादाचा स्टड त्याच्या निम्माच वाढतो. मधल्या मध्ये गॅस्केट चेपलं जातं. गार झाल्यावर ॲल्युमिनियम परत येतं, गॅस्केट येत नाही. असं चार-सहा वेळा झालं की नट जागच्या जागी असतो, तसूभरही फिरलेला नसतो, आणि तरी सैल असतो.

नट फिरून सुटतो तोही प्रकार आहेच. १९६९ साली गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं दाखवून दिलं होतं की बोल्टच्या लांबीच्या दिशेनं बसणाऱ्या हिसक्यांपेक्षा आडव्या हिसक्यांनी नट जास्त लवकर सुटतो. दोन जोडलेले भाग एकमेकांवर जरासे घसरायला लागले की नट आपोआप उलटा चालायला लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो. एकच सिलिंडर, हलकी गाडी. ती थरथर फूटरेस्टमधून तळपायात, हँडलमधून तळहातात येते आणि सांगलीहून तासगावला जाऊन आलं की घरात पाऊल टाकल्यावरही थोडा वेळ हाताला मुंग्या राहतात. त्या थरथरीत सायलेन्सरचे नट, फाउंडेशन बोल्ट, मडगार्डचे स्क्रू हळूहळू सुटतात. हेडमधून गळालं तर जोर कमी होतो, घाण होते, एवढंच. कार्ब्युरेटरच्या तोंडाचे बोल्ट सैल झाले तर मात्र इंजिन भलतीकडून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत इंजिन पकडतं, म्हणजे एकदम जाम होतं. म्हणून जुन्या टू-स्ट्रोकवाल्याचा हात सारखा नटांवरून फिरत असतो. लोकांना वाटतं लाड करतोय.

काकांचं बोलणं ऐकताना मला मिरजेतली सतारमेकर गल्ली आठवली. लहानपणी आईबरोबर एकदा तिथं गेलो होतो, तिचा तानपुरा तारा बदलायला दिला होता. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तिथं वाद्यं करायची कला वाढली, फरीदसाहेब सतारमेकरांपासून. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठमोठे भोपळे दारात रचलेले असतात, पॉलिशचा वास येत असतो, आणि कुठल्या तरी खोलीतून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. त्या दिवशी कारागिरानं तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या, सूर लावला. आईनं हात पुढं केला तर तो म्हणाला, आत्ता नेऊ नका. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. अर्ध्या तासानं त्यानं तार छेडली तर ती उतरलेली. त्यानं पुन्हा पिळली. घरी आल्यावरही आई पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ खुंट्या पिळत होती आणि मग कधी तरी तारा बसल्या. त्यात कुणाचं चुकलंय असं तिला वाटलं नाही, मलाही नाही. नवी तार उतरणारच.

गाडी दादाची. त्यानं ती १९८७ साली घेतली, हळदीच्या अडतीत पहिल्यांदा स्वतःच्या सौद्याचे पैसे आले तेव्हा. पुढं त्यानं चारचाकी घेतली, मग पुण्याला मुलाकडं राहायला गेला आणि गाडी गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या बोळात ताडपत्रीखाली राहिली. ऑगस्ट २०१९च्या पुरात ती पूर्ण बुडाली. पाणी उतरल्यावर बोळात गेलो तेव्हा ताडपत्रीवर, सीटवर, मीटरच्या काचेत, सगळीकडं कृष्णेचा तो मऊ, चिकट, तपकिरी गाळ होता. प्लग काढून किक मारायला गेलो तर किक जागची हलली नाही. तेव्हा घर धुवायचं होतं, गाद्या टाकायच्या होत्या, गाडीकडं कोण बघणार. चार वर्षं ती तशीच राहिली. शेवटी २०२३च्या दिवाळीनंतर मी इंजिन उतरवलं. क्रँकचं काम एका गॅरेजात करून घेतलं, बेअरिंग, ऑइल सील, पिस्टन, सगळं नवं. पण सिलिंडर, हेड, बाहेरची जोडणी मी स्वतः केली, हळूहळू, रविवारी. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला हे काय सुचलं, असं घरात सगळ्यांना वाटलं. कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते त्या मागच्या डाव्या कोपऱ्यात होतं.

१९९१चा उन्हाळा, मी अकरावीची परीक्षा देऊन मोकळा. गाडी ओढत नव्हती म्हणून दादानं मिस्त्रींकडं हेड उघडायला दिली. मिस्त्री मिरजेचे, गॅरेज सांगली-मिरज रस्त्याला, पत्र्याचं. मी दिवसभर तिथंच होतो. त्यांनी हेड काढलं, आतला कार्बन लाकडाच्या चपट्या काडीनं खरवडला. लोखंड लावलं तर चरे पडतात, म्हणाले. पिस्टनच्या माथ्यावरचा काळा थर पापुद्र्यासारखा निघत गेला आणि खालून राखाडी ॲल्युमिनियम उजळलं. नवं गॅस्केट टाकून त्यांनी हेड आवळलं. त्यांच्याकडं टॉर्क पाना नव्हता. पाना शेंड्याला न धरता मध्यावर धरायचे, म्हणजे जोर आपोआप बेताचा लागतो. आवळताना डोळे गाडीकडं नसायचे, रस्त्याकडं असायचे. संध्याकाळी दादा आला तेव्हा म्हणाले, "पाचशे किलोमीटर झालं की आणा. गार आणा, गरम नको. हेड परत आवळून देतो, पैसे न्हाईत त्याचे."

दादा हंगामाच्या गडबडीत होता. पाचशेचे सातशे झाले. त्या दिवशी मी त्याच्या मागं बसून हरिपूरला गेलो होतो. पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडायचं होतं. चिंचेच्या झाडांच्या त्या रस्त्यानं जाताना सावली-ऊन, सावली-ऊन असं डोळ्यांवर लपलपत होतं. पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून बराच वेळ उघडं ठेवून द्यावं लागतं. माणसं काठावर बिड्या ओढत बसली होती, हळदीचा ओला, मातकट, ऊबदार वास वर येत होता. दादा त्यांच्यात बसला. मला धीर धरवेना. गाडीपाशी आलो तर हेडपाशी बारीकसा फेस दिसला. मी मनात म्हटलं, मिस्त्रींकडं जायची खेप वाचवू, दादा खूश होईल. सीटखालचा पाना काढला. नट हलेना, म्हणून पेवाच्या माणसांच्या सामानातला हातभर पाइप पान्यावर चढवला. इंजिन तापलेलं होतं. तिन्ही नट थोडे-थोडे आले. चौथ्याला जोर लावला, तो आला, अजून लावला, अजून आला, आणि मग पाना एकदम हलका झाला. लोण्यात सुरी फिरावी तसा. मी उलटा फिरवून बघितला, सुलटा फिरवून बघितला. नट फिरत होता आणि त्याच्याबरोबर स्टडही वर येत होता. त्याच्या खालच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत, बारीक, स्प्रिंगसारखी गुंडाळी अडकलेली होती. ती मी नखानं काढली आणि मातीत पायानं दाबली. स्टड परत आत घातला, नट हातानं बसवला.

दादाला काही बोललो नाही.

येताना गाडी फिसफिसत होती. दादाला वाटलं, सातशे झालेत म्हणून. दुसऱ्या दिवशी तो कवठेमहांकाळला निघाला आणि वाटेतच हेडमधून एवढा वारा सुटायला लागला की उन्हात तीन-चार किलोमीटर गाडी ढकलत आणली. संध्याकाळी मिस्त्रींकडं गेला तेव्हा मी बरोबर होतो. गिऱ्हाइकं उभी होती. दादा ओरडला नाही, तो कधीच ओरडत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच आवळलं होतं. आटे गेलेत. तुमच्या भरवशावर गाडी दिली होती आम्ही." मिस्त्रींनी स्टड उपसून काढला, उजेडात धरला, अंगठ्यानं आटे चाचपले. मग नटाचे कोपरे बघितले. पाइपच्या जोरानं ते गोलसर झाले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं का, हे मी आजवर शेकडो वेळा आठवून बघितलंय आणि मला नक्की सांगता येत नाही. ते म्हणाले, "ठेवा गाडी. बघतो." दोन दिवसांनी गाडी तयार होती. भोक मोठं करून नवे आटे पाडले होते आणि लेथवर खाली जाड, वर मूळ मापाचा असा स्टड करून बसवला होता. त्यांनी मजुरी घेतली नाही. दादानं लेथचे पैसे दिले आणि त्यानंतर पुन्हा तिथं गाडी नेली नाही. बाजारात विषय निघाला की तो म्हणायचा, "हात चांगला होता त्यांचा, पण लक्ष राहिलं नाही." हे वाक्य मी आमच्या ओसरीवर बसून किती वेळा ऐकलंय.

मिस्त्रींचा मुलगा आता मिरजेत स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. हेडचं गॅस्केट मी तिथूनच आणलं होतं. तेव्हा मिस्त्री आत खुर्चीवर बसलेले दिसले होते, खूप वाळलेले, पांढरी टोपी, गुडघ्यावर वर्तमानपत्र. मी गॅस्केट खिशात घालून त्यांच्याकडं न बघता पायरी उतरलो होतो. पण या वेळी गेलो. बाहेर गाडी लावून त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. हरिपूर, पाइप, गुंडाळी, दादा. सांगताना घसा सुकत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हळदवाल्याची गाडी? न्हाई बा आठवत. किती गाड्या आल्या, किती गेल्या." मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, लोकांसमोर दादा बोलला ते. त्यांनी मान हलवली. खरंच आठवत नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी जे धरून बसलो होतो त्याचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नव्हतं. मग ते उठले, बाहेर आले आणि हेडवर हात ठेवायला गेले. हात तसाच मागं घेतला. "तापलीय. रात्री हितंच लाव. सकाळी ये."

गाडी दुकानात ठेवून वडापनं सांगलीला आलो. झोप लागली नाही. सकाळी सातला पोचलो तर मिस्त्री माझ्या आधी गाडीपाशी, हेडच्या फिन्सवर तळवा पसरून, ताप बघतात तसे. पाना मला धरायला लावला. प्रत्येक नट आधी पाव फेरा सोडायचा, मग एका दमात आवळायचा, म्हणजे चिकटलेला नट फसवत नाही. एक सोडायचा, आवळायचा, मग त्याच्या समोरचा. तिन्ही झाले. चौथ्याला मी थांबलो. "घे की." मी पाना लावला. माझा हात त्यांना दिसत असणार. ते म्हणाले, "तो पूर्ण काढ. आटे साफ करू." काढला. तारेच्या ब्रशनं त्यांनी गंज झाडला, एक थेंब ऑइल सोडलं आणि बोट पुसायला म्हणून स्टडच्या टोकावरून फिरवलं. बोट थांबलं. परत फिरवलं. चष्मा कपाळावर सारून अगदी जवळ डोळा नेला. टोकावर कानशीनं ओढलेली एक सरळ चीर होती, स्क्रू-ड्रायव्हर बसेल एवढी. इंजिन जोडताना मीही ती पाहिली होती, काही वाटलं नव्हतं. "ही चीर माझी," ते म्हणाले. "स्टड बसवला की मी वढायचो. पुढच्या माणसाला काढायला बरं." आणि मग बराच वेळ ते माझ्याकडं न बघता त्या टोकावर अंगठा ठेवून उभे राहिले. "पुरात व्हती म्हणालास न्हवं ही?" मी हो म्हटलं. "ह्यो हलला न्हाई."

नट त्यांनी स्वतः आवळला. पाना मध्यावर धरून, रस्त्याकडं बघत.

मग नातीला हाक मारून तिची लाल नेलपॉलिशची बाटली मागवली आणि चारही नटांवरून हेडवर उतरेल अशी एकेक बारीक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल. रेघ सलग राहून गळायला लागलं तर गॅस्केट बसतंय. काका खूण म्हणाले होते ती हीच. पाचशेची गोष्ट मिस्त्रींनी काढली नाही. मीटर मीच वहीत टिपला.

त्यानंतर दादाचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं गाडीचं विचारलं, गळतीय का अजून, म्हणून. मी म्हटलं, थांबली. पुढचं तोंडाशी आलं होतं. काल मीटर २३१ पुढं होता. हेड कोरडं आहे. तीन रेघा सलग आहेत, चौथीवर फिनच्या कडेला एक पापुद्रा सुटलाय की ती तुटलीय, हे मला सकाळच्या उजेडात बघायचंय. गाडी अजून गार व्हायचीय.